कृष्णधवल पडदा आणि कागदी टोपी

अमेरिकेत आज सत्तरीच्या आसपास असलेली माणसे तारुण्याविषयी बोलू लागली की दोन आठवणी हमखास एकमेकींच्या शेजारी येऊन बसतात: ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी लागणारी टीव्हीवरची मालिका आणि हॅम्बर्गरच्या दुकानातली पहिली नोकरी. वरवर पाहता या दोहोंचा एकमेकींशी काही संबंध नाही. मात्र दोन्हींची पाळेमुळे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्याच पाच-सात वर्षांत सापडतात, आणि लाखो लोकांची आठवण जवळजवळ एकसारखी का आहे, याचे उत्तरही तिथेच मिळते.

1948 मध्ये तिथल्या संघीय दळणवळण आयोगाने नव्या टीव्ही केंद्रांना परवाने देणे थांबवले आणि ही बंदी 1952 पर्यंत टिकली. 1950 मध्ये दहा घरांमागे एका घरातही टीव्ही नव्हता. 1960 उजाडेपर्यंत दहापैकी जवळजवळ नऊ घरांत तो पोहोचला होता. घरे वाढली तरी वाहिन्या मोजक्याच राहिल्या. एनबीसी, सीबीएस आणि एबीसी या तिघींपैकी जिथे जे दिसेल ते सगळा गाव एकाच वेळी पाहत असे आणि दुसऱ्या दिवशी त्यावरच बोलत असे. ही सवय पुढे इतकी दीर्घकाळ टिकली की 28 फेब्रुवारी 1983 रोजी ‘मॅश’ या मालिकेचा शेवटचा भाग दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला.

त्या काळातला सर्वांत दूरगामी निर्णय मात्र तांत्रिक होता, असे मला वाटते. सुरुवातीचे बहुतेक मनोरंजनाचे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत, आणि जपून ठेवायचेच झाले तर टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून त्यांचे धूसर चित्रण करून ठेवत. 15 ऑक्टोबर 1951 रोजी सुरू झालेल्या ‘आय लव्ह लूसी’च्या निर्मात्यांनी, म्हणजे लूसिल बॉल आणि देसी अर्नाझ या दांपत्याने, प्रेक्षकांसमोर तीन कॅमेरे लावून मालिका थेट 35 मिलिमीटर फिल्मवर चित्रित केली. त्यामुळे तिच्या प्रती स्वच्छ राहिल्या आणि पुनःप्रक्षेपणाचा व्यवसाय उभा राहू शकला. शाळेतून घरी आल्यावर जुन्या मालिका पाहत वाढलेल्या पिढ्यांना ते बालपण या फिल्मने दिले.

त्याच 1948 मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या भावांनी आपले चांगले चालणारे ड्राइव्ह-इन, म्हणजे मोटारीत बसूनच खाण्याचे उपाहारगृह, काही महिने बंद ठेवले. मोटारीपाशी जाऊन खाद्यपदार्थ देणाऱ्या कारहॉप मुलींना त्यांनी कमी केले, चिनीमातीच्या बशा काढून टाकल्या आणि पदार्थांची यादी छाटून अगदी लहान केली. पुढे नवे स्वयंपाकघर आखताना त्यांनी टेनिस कोर्टवर खडूने ओटे आणि यंत्रे रेखाटली, कामगारांना त्या रेषांमधून फिरवून पाहिले आणि कुणाचे पाऊल कुठे अडखळते ते बघून रेषा बदलल्या. अशा आखणीतून एकाने फक्त मांस भाजायचे, दुसऱ्याने फक्त मिल्कशेक घुसळायचे, तिसऱ्याने फक्त बटाटे तळायचे अशी कामाची वाटणी पक्की झाली. हॅम्बर्गर 15 सेंटला मिळू लागला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वयंपाक न येणारा सोळा वर्षांचा मुलगा काही दिवसांत कामाला तयार होऊ लागला.

रे क्रॉक या व्यावसायिकाने 15 एप्रिल 1955 रोजी इलिनॉयमधील डे प्लेन्स येथे दुकान उघडून ही पद्धत देशभर नेली. पांढरा शर्ट, अॅप्रन आणि कागदी टोपी हा तिथला वेश होता. बटाट्याच्या काचऱ्या गोठवून येऊ लागण्यापूर्वी बटाट्यांची पोती दुकानातच रिकामी व्हायची. सोलायचे, कापायचे, वरचा स्टार्च निघेपर्यंत थंड पाण्यात धुवायचे, हे काम नव्या मुलांच्या वाट्याला येई. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत या साखळीत मुलींना जवळजवळ प्रवेश नव्हता, ही उघड अन्यायाची बाजू आठवणींच्या गोडव्यात विसरली जाऊ नये. मजुरीचेही तसेच. किमान वेतनाचा संघीय कायदा 1938 चा असला, तरी मोठ्या उपाहारगृहांतील कामगारांना त्याचे संरक्षण मिळाले ते 1966 च्या दुरुस्तीनंतर, आणि तेही सुरुवातीला ताशी एका डॉलरपासून.

या स्मरणरंजनाला टीव्हीनेच लवकर आकार दिला. जानेवारी 1974 मध्ये एबीसीवर सुरू झालेल्या ‘हॅपी डेज’ने पन्नासच्या दशकातले मिलवॉकी शहर उभे केले आणि त्याच्या केंद्रस्थानी एक ड्राइव्ह-इन ठेवले. मॅकडोनाल्ड बंधूंनी मोडीत काढलेली व्यवस्थाच, म्हणजे निवांत बसून गप्पा मारण्याची जागा, पडद्यावर सुखाची खूण ठरली.

मालिकांचे भाग फिल्मवर राहिले. दुकानांतल्या कामाचे तसे काही झाले नाही. डे प्लेन्सची मूळ इमारत ऐंशीच्या दशकात पाडली गेली आणि तिथेच जुन्या नकाशांवरून तिची प्रतिकृती उभारून संग्रहालय करण्यात आले. आतल्या कामाच्या जागांवर त्या काळच्या गणवेशातले, कागदी टोप्या घातलेले तरुणांचे पुतळे उभे होते. काही वर्षांपूर्वी ती प्रतिकृतीही पाडण्यात आली.