‘मुसलमान येशूला मानतच नाहीत’ हे खरं का?

हा फॉरवर्ड दर नाताळला आमच्या भुसावळच्या ग्रुपवर येतोच, की मुसलमान येशूला मानत नाहीत. ऐकून खरं वाटणं साहजिक आहे, कारण ते काही चर्चमध्ये जात नाहीत. पण भाऊ, माझ्या वर्गातल्या एका मुसलमान पोराचं नावच ईसा होतं, आणि ईसा म्हणजेच येशू.

कुराणात ईसांचं नाव 25 वेळा येतं, ते पैगंबर आहेत, मसीह म्हणजे ख्रिस्त आहेत, आणि कुमारी मरियमच्या पोटी जन्मले हेही मुसलमान आणि ख्रिस्ती दोघांना मान्य. मरियमच्या नावाचा तर अख्खा 19वा अध्याय आहे, त्यात ती कळा सोसत खजुराच्या झाडाखाली एकटी बसलीय आणि तिला आवाज येतो, खोड हलव, पिकले खजूर पडतील. मला हा भाग फार आवडतो. बायबलात लूक 2:7 (म्हणजे लूकच्या पुस्तकातला अध्याय 2, वचन 7) काढा, तिथे बाळ गव्हाणीत निजवलंय.

खरा फरक पुढे आहे. ख्रिस्ती लोकांसाठी येशू देवाचा पुत्र, वधस्तंभावर मेला नि तिसऱ्या दिवशी उठला. कुराण 4:157 म्हणतं त्यांना सुळावर दिलंच नाही, आणि 4:171 मध्ये देवाला पुत्र असणं नाकारलंय. दोन्ही ग्रंथ मराठीत मिळतात, हे आकडे काढून स्वतः वाचून बघा.