गेल्या आठवड्यात घरात डाळ किती लागली?

पाहणी करणाऱ्याने विचारलं, ‘गेल्या 30 दिवसांत डाळ किती लागली?’ शेजारच्या घरी विचारलं, ‘गेल्या 7 दिवसांत किती लागली?’ आठवड्याच्या आकड्यावरून महिन्याचा हिशेब काढला की दोन्ही उत्तरं सरासरीनं सारखी यायला हवीत. पण ती येत नाहीत. महिनाभराचा खर्च सांगताना बारीकसारीक खरेदी विसरली जाते, तर आठवड्याचा सांगताना दहा दिवसांपूर्वीचा बाजारही त्यात धरला जातो.

संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकारानं 1950 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी, म्हणजे देशभरातल्या निवडक घरांना असे प्रश्न विचारणारी सरकारी पाहणी, सुरू झाली. याच पाहणीच्या आकड्यांवर पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. अशा हिशेबात माणूस दारिद्र्यरेषेच्या वर की खाली, हे त्याच्या घरानं सांगितलेल्या खर्चावरून ठरतं.

1990 च्या दशकात या पाहणीत एक प्रयोग झाला. निम्म्या घरांना खाण्यापिण्याचा खर्च 30 दिवसांचा विचारला, निम्म्यांना 7 दिवसांचा. 7 दिवसांच्या प्रश्नावलीत खर्च इतका जास्त निघाला, की त्या हिशेबानं गरिबांची संख्या जवळपास निम्मी झाली. देश तोच, वर्षं तीच!

खरा घोळ 1999-2000 मध्ये झाला. पाहणीच्या त्या फेरीत एकाच घराला दोन्ही प्रश्न विचारले गेले. साहजिकच लोक एक उत्तर दुसऱ्याशी जुळवून सांगणार. गरिबी 36 टक्क्यांवरून 26 टक्क्यांवर आल्याचं जाहीर झालं आणि अर्थतज्ज्ञांत मोठा वाद पेटला. अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी इंधनासारख्या वस्तूंचा आधार घेतला, कारण त्यांचा प्रश्न पूर्वीसारखा 30 दिवसांचाच होता. त्यावरून दिसलं, की गरिबी घटली होती, पण सरकारी आकड्याइतकी नाही. प्रश्न न बदललेल्या वस्तूंनी बाकीच्यांचा ताळा तपासायचा, ही युक्ती मला फार मोलाची वाटते.

आता भाजी, फळं, अंडी यांचा खर्च 7 दिवसांचा विचारतात, कपडे आणि शिक्षणाचा 365 दिवसांचा आणि डाळ-तांदळाचा 30 दिवसांचा. 2022-23 च्या पाहणीत तर तीन प्रश्नावल्यांसाठी एकाच घरी तीन वेगवेगळ्या महिन्यांत जाऊन विचारपूस झाली. 2011-12 मध्ये हे सगळं एकाच भेटीत उरकलं जाई. त्यामुळे या दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडताना वाढलेला खर्च किती आणि नीट आठवलेला खर्च किती, हे आधी वेगळं करावं लागतं.