बालसैनिक: 15 वर्षांची रेघ आणि 18 वर्षांची

बालसैनिकांवरच्या बातम्यांत कधी 15 वर्षांची मर्यादा दिसते, तर कधी 18 ची. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त कामं वेगळी.

18 ची रेघ बंदीची. 1989 च्या बालहक्क करारात ती 15 वरच होती; 2000 सालच्या ऐच्छिक प्रोटोकॉलने, म्हणजे त्या कराराला जोडलेल्या पूरक कराराने, ती वर नेली. अठराच्या आतल्या कुणालाही सैन्यात सक्तीने घ्यायचं नाही आणि प्रत्यक्ष लढाईपासून त्यांना दूर ठेवण्यासाठी शक्य ते सगळं करायचं. सरकारांना सोळाव्या वर्षापासून स्वेच्छेची भरती मात्र करता येते. बंडखोर गटांना तेवढीही मुभा नाही. (नियम सरकारांनी लिहिले, हे उघडच आहे.)

15 ची रेघ युद्धगुन्ह्याची. रोम कायद्यानुसार (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यावर उभं आहे तो करार) पंधराच्या आतल्या मुलाला भरती करणं किंवा लढाईत वापरणं हा गुन्हा, मग तो आपणहून आलेला का असेना. म्हणजे सोळा वर्षांच्या पोराच्या हाती बंदूक देणारा म्होरक्या बंदी मोडतो, पण तेवढ्यावरून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात त्याच्यावर खटला चालत नाही.

म्हणून तिथे सगळी ओढाताण वयावरून होते, आणि जन्मदाखला बहुतेकांकडे नसतो. काँगोतल्या इतुरी भागातला सशस्त्र गटाचा म्होरक्या थॉमस लुबांगा याच्या खटल्यात, आपण बालसैनिक होतो असं सांगणाऱ्या साक्षीदारांवर न्यायाधीशांना विसंबता आलं नाही. मोठा आधार ठरला व्हिडिओ चित्रणाचा: छावणीतली, अंगरक्षकांतली जी मुलं नुसत्या नजरेनेच पंधराच्या बरीच आतली दिसत होती, तेवढीच न्यायालयाने धरली. 2012 मध्ये त्याला 14 वर्षांची शिक्षा झाली. चौदाचा की सोळाचा असा संशय यावा, अशा मुलांचा या हिशेबात उपयोग नव्हता.

सुटून आलेल्यांच्या पुनर्वसनात हा घोळ नाही. 2007 ची पॅरिस तत्त्वं, म्हणजे बालसैनिकांबाबतची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं, सरळ 18 धरतात. बंदूक न उचललेले स्वयंपाकी, हमाल, निरोपे आणि लैंगिक शोषणासाठी नेलेल्या मुलीही त्यांत येतात.

आरोपीच्या बाजूनेही 18 लागू होतं: गुन्ह्यावेळी अठराच्या आत असलेल्यावर हेगचं न्यायालय खटला चालवत नाही. युगांडाच्या डॉमिनिक ऑन्ग्वेनला लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर गटाने लहानपणीच पळवून नेलं होतं. खटला चालला तो मोठेपणीच्या कृत्यांवर. त्यांत पंधराखालच्या मुलांची भरतीही होती. 2021 मध्ये 25 वर्षांची शिक्षा देताना न्यायाधीशांनी त्याचं ते अपहरण सौम्यतेच्या बाजूने मोजलं.