गाण्यामागून चालणारं गाणं

जुन्या हिंदी गाण्यात गायिका ओळीचा शेवटचा स्वर लांबवते, आणि नेमक्या त्याच क्षणी मागची व्हायोलिन्स चालू लागतात. स्वतःची वेगळी चाल घेऊन. ती पुन्हा गायला लागली की ही मंडळी गुपचूप मागे सरतात. मुंबईच्या वादकांच्या बोलीत हा 'ऑब्लिगाटो', किंवा नुसतं 'काउंटर'. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत हे काउंटर वर्षानुवर्षं रचले ते गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझा यांनी; फाळणीपूर्वी ते लाहोरला बँड चालवायचे.

यात कानाची मोठी कसोटी असते. गळा आणि व्हायोलिन यांच्या लहरी हवेतच मिसळतात, कानाच्या पडद्याला मिळते ती एकच थरथर. त्यातून दोन धागे मेंदूला सोडवावे लागतात. मानसशास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. डाउलिंग यांनी 1973 साली एक मजेशीर प्रयोग मांडला. दोन ओळखीच्या चाली घेतल्या आणि त्यांचे स्वर आलटून पालटून वाजवले: एक हिचा, एक तिचा. दोन्ही स्वरांच्या एकाच पट्ट्यात असताना ऐकणाऱ्यांना त्या ओळखणं फार जड गेलं. एक चाल पुरेशी वर सरकवली, तेव्हा दोन्ही सुट्या झाल्या.

म्हणून गळा मधल्या पट्ट्यात असेल तर काउंटर वर व्हायोलिनला, नाहीतर खाली चेलोला, म्हणजे व्हायोलिनच्याच जातीच्या खर्जातल्या मोठ्या वाद्याला. दुसरी युक्ती वेळेची. एकाच क्षणी सुरू होणारे स्वर मेंदू एकाच उगमाचे समजतो, त्यातही ते सप्तकाच्या अंतरावर असले तर पुरते विरघळतात. त्यामुळे गळा थांबलेला असताना हलायचं. ख्यालातल्या हार्मोनियमची साथ याच्या उलट: ती गायकाच्या पाठोपाठ त्याच वाटेने जाते. ती सावली झाली, काउंटर नव्हे.

गंमत म्हणजे धागे सुटे झाले तरी लक्ष एका वेळी एकाच धाग्यावर ठरतं. दुसरा ऐकू येतो, पण त्याचा माग काढता येत नाही. शब्द पाठ असलेलं गाणं घ्या, गायिकेला सोडून द्या आणि फक्त चेलो धरून ठेवायचा प्रयत्न करा. दोन ओळींत शब्द तुम्हाला परत ओढून नेतात. मी हे हेडफोन लावून करतो. आमच्या घरच्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर वाटीएवढा होता, त्यात खालचे स्वर जेमतेम उमटत. ज्या गाण्यांत चेलो आहे हे मला चाळिशीत कळलं, ती मला दहाव्या वर्षापासून पाठ होती.