डोंगरामागे काय आहे?

ओपन वर्ल्ड गेममध्ये, म्हणजे मोठ्या जगात हवं तिथे फिरू देणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये, करण्यासारखं पुष्कळ असतं. लढाया असतात, शर्यती असतात, खजिने असतात. तरी कित्येक खेळाडू हे सगळं बाजूला ठेवून रानातून नुसते चालत राहतात. घोडा हाताशी असतो, क्षणात दुसऱ्या गावी पोचवणारं ‘फास्ट ट्रॅव्हल’ असतं, पण त्यांना पायीच जायचं असतं. हा वेळ वाया जातो असं मला मुळीच वाटत नाही. मेंदू तेव्हा त्याचं फार जुनं काम करत असतो.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा निन्टेन्डो कंपनीच्या झेल्डा मालिकेतला गेम २०१७ साली आला. आपण जमीन कशी घडवली, हे त्याच्या रचनाकारांनी त्याच वर्षी जपानमधल्या एका परिषदेत सांगितलं. त्यांची मुख्य युक्ती होती त्रिकोण. टेकडी असो की मोठा खडक, आकार त्रिकोणी ठेवायचा. त्रिकोणामुळे मागचं झाकलं जातं आणि खेळाडूला ठरवावं लागतं, चढून जायचं की वळसा घालायचा. माथा जवळ आला की पलीकडचं हळूहळू उघडतं, आणि तिथे पुढचा त्रिकोण उभा असतो. अंतरं बेतायला त्यांनी क्योटोचा, म्हणजे कंपनीच्याच गावाचा, नकाशा घेतला. किती चाललं की काय लागतं, हे तिथे त्यांच्या पायांना माहीत होतं.

नाशिकच्या माणसाला हे लगेच पटेल. त्र्यंबकच्या रस्त्याला डावीकडे अंजनेरी दिसतो. पायथ्यावरून वाटतं, हा कडा चढला की झालं. वर पोचावं तर रुंद पठार लागतं, अंजनीमातेचं मंदिर आणि तळं लागतं, आणि त्यामागे दुसरा कडा उभा! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले. त्यातल्या टणक थरांचे कडे राहिले, ठिसूळ थर झिजून उतार आणि पठारं झाली. म्हणून सह्याद्री एका नजरेत कधीच पुरा दिसत नाही.

पुढे गेलं तर आणखी कळेल, अशी आशा दाखवणारं दृश्य माणसाला ओढतं. पर्यावरण-मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी या गुणाला ‘गूढ’ म्हटलं.

मेंदूचं ते जुनं काम म्हणजे आजूबाजूच्या जागेचा नकाशा आखणं, आणि मेंदूतला तो नकाशा बनवणारा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. ठरावीक जागी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरांत सापडल्या. पुढे २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी शेजारच्या भागात अंतराची जाळी आखणाऱ्या पेशी दाखवल्या. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रयोग २०१७ मधला, लंडनचा. स्वयंसेवकांना सोहो भागातल्या रस्त्यांची चित्रफीत दाखवून वाट काढायला सांगितली. नव्या रस्त्यावर शिरताना हिप्पोकॅम्पसची हालचाल वाढे, आणि पुढे फाटे जास्त असतील तर अधिक वाढे. पण ‘इकडे वळा’ अशी सूचना मिळत असताना हा प्रतिसाद दिसला नाही. गेमच्या कोपऱ्यातला मिनीमॅप आणि चमकणारा बाण हेच करतात. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करून पाहा. ओढा, एकटं झाड, डोंगराची सोंड या खुणा आपोआप लक्षात राहू लागतात.

पडद्यावरच्या चालण्याला एक मर्यादा मात्र आहे. कॅलिफोर्नियात मयंक मेहता यांच्या गटाने उंदरांना आभासी वाटेवर पळवलं. खऱ्या वाटेच्या तुलनेत तिथे बऱ्याच कमी पेशी चेतल्या, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन्ही दिशांना चेतणाऱ्या पेशी खऱ्या वाटेवर जागा नोंदवत होत्या. आभासी वाटेवर त्या मुख्यतः किती अंतर कापलं तेवढंच नोंदवत होत्या. डोळ्यांना दृश्य मिळत होतं, पण वास, स्पर्श आणि कानातल्या तोलाच्या इंद्रियाकडून येणारी खबर त्याच्याशी जुळत नव्हती. अंजनेरीच्या दुसऱ्या चढावर ही सगळी खबर एकदम येते, म्हणून ती वाट गेममधल्या वाटेपेक्षा पक्की बसते. गेममध्ये मेंदूला यातलं थोडंच मिळतं, आणि तेवढ्यावरही तो नकाशा आखायला बसतो.