ताकद आहे, पण वेळेत लागते का?

भरवेगात धावताना फुटबॉलपटूचा पाय जमिनीवर टेकतो तो जेमतेम 0.1 सेकंद. स्नायूंना कमाल जोर उभा करायला मात्र 0.3 सेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. जोर पुरता लागायच्या आत पाय उचललेलाही असतो. म्हणून जिममध्ये सगळ्यांत जड स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक) मारणारा गडी मैदानात कधीकधी चेंडूवर दुसरा पोहोचतो.

तरी पाया जड वजनाचाच. जे वजन एकदाच कसंबसं उचलता येतं, त्याच्या 80 ते 90 टक्के घ्यायचं, सलग 3 ते 5 वेळा उचलायचं (रेप्स), आणि अशा 3 ते 4 फेऱ्या (सेट). दोन सेटच्या मध्ये किमान 3 मिनिटं विश्रांती, आणि नेमकी तीच आधी कापली जाते! स्फोटक हालचालीचं इंधन, क्रिएटिन फॉस्फेट, पुन्हा भरायला काही मिनिटं लागतातच. घाई केली तर दम वाढेल, वेग नाही.

पहिल्या दहा पावलांसाठी स्लेड, म्हणजे कंबरेला दोराने बांधलेली वजनाची घसरगाडी, ओढण्यासारखं दुसरं काही नाही. अंग पुढे झुकलेलं राहतं आणि पाय जमीन मागे ढकलायला शिकतो. वजन किती? शरीराच्या वजनाच्या टक्क्यांवर भिस्त ठेवू नये. ओल्या गवतावर आणि टर्फवर (कृत्रिम गवतावर) तीच स्लेड वेगवेगळी ओढावी लागते. त्यापेक्षा वेळ मोजा. 20 मीटर धावताना शेवटच्या 5 मीटरना रिकाम्या अंगाने 0.65 सेकंद लागत असतील, तर स्लेडसह 1.3 सेकंद लागतील इतक्या प्लेट्स (वजनाच्या चकत्या) लावा. वेग असा निम्म्यावर आला की जोर आणि वेग यांचा गुणाकार, म्हणजे पॉवर, कमालीच्या आसपास असते. दोर आधी ताणून घ्या, नाहीतर पहिल्याच पावलाला कंबरेला हिसका बसतो. दोर फार आखूड असला तर स्लेडचं तोंड वर उचललं जातं. खेळाडू कंबरेत मोडून नितंब मागे टाकू लागला, तर प्लेट काढा.

उड्यांमध्ये कान उघडे ठेवा. 30 सेंटिमीटरच्या खोक्यावरून उतरून लगेच उसळताना ‘टप्’ असा तुटक आवाज हवा. ‘धप्प’ आलं, म्हणजे टाच टेकली. खोका कमी उंचीचा घ्या.

नॉर्डिक हॅमस्ट्रिंगने (गुडघे टेकून, घोटे धरून ठेवलेले असताना अंग हळूहळू पुढे सोडायचं) मांडीमागचे स्नायू दुखापतीपासून वाचतात, पण सुरुवातीला 2 सेट, प्रत्येकी 5 रेप्स पुरेत. ते पहिल्यांदा करायचे तर सामन्याला निदान तीन दिवस असताना. मांड्या त्यानंतर एक ते दोन दिवसांनी जास्त धरतात.