पाळी आधी, हाडं मागून

डागा असो, मेयो असो की मेडिकल, नागपुरातल्या या सरकारी दवाखान्यांत गरोदर बाईची पहिली तपासणी वजन, उंची आणि ब्लडप्रेशरपासूनच सुरू होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत यातली उंची मोठी फसवी. पाळी साधारण बारा-तेराव्या वर्षी येते, पुढच्या दोन-तीन वर्षांत उंची जवळपास थांबते आणि घरचे म्हणतात, पोरगी मोठी झाली. पण बाळ ज्या हाडांच्या वाटेने बाहेर येतं, ती श्रोणी त्यानंतरही काही वर्षं रुंदावत असते. वाट अरुंद असली की डोकं अडतं, कळा संपता संपत नाहीत. वेळेत सिझेरियन झालं नाही, तर मूत्राशय आणि योनीमार्गाच्या मधली भिंत दाबाने कुजून लघवी कायम गळत राहू शकते.

बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होणं, ब्लडप्रेशर वाढून झटके येणं, हे धोकेही विशीतल्या आईपेक्षा जास्त.

त्यात रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. महाराष्ट्रात याच वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. विदर्भात आणखी एक भर आहे, सिकलसेलची. या आजारात लाल पेशी तुटतात म्हणून रक्त कमी होतं. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी ते भरून निघत नाही. गरोदरपणात वेदनेचे झटके आणि संसर्ग वाढतात. म्हणून सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी, आणि ती पॉझिटिव्ह आली तर पक्कं निदान करणारी इलेक्ट्रोफोरेसिस, हे सुरुवातीलाच व्हायला हवं.

नेमकी सुरुवातच हुकते. मुलगी अठराच्या आतली असेल तर डॉक्टरला पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावं लागतं, आणि त्या धास्तीने घरचे महिनोन्‌महिने दवाखान्याची पायरी चढत नाहीत. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने विनंती केली तर कळवताना तिचं नाव उघड करण्याची डॉक्टरवर सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. माझ्या मते ही गोष्ट प्रत्येक आशाताईला तोंडपाठ हवी. अल्पवयीन मुलींच्या गर्भपातासाठी कायद्याची मुदत २४ आठवड्यांची आहे. ती उलटली की बहुतेकींना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अर्ज करावा लागतो. तिथे मेडिकल बोर्डाचा अहवाल मागवतात आणि त्यात आणखी दिवस जातात.